मुळं उघडी असताना

आज तिसरा दिवस. मागच्या अंगणात रॉकेलच्या डब्यातल्या गुलाबाची मुळं उघडी आहेत. खोडाभोवतीची माती वीतभर काढून बाजूला ठेवली आहे आणि आश्विनातलं ऊन सरळ त्यांच्यावर पडतं आहे. शाळेतून आले की मी आधी तिकडे जाऊन उभी राहते, मग आत येऊन लिहायला बसते. कागद उडू नयेत म्हणून त्यांवर शहाबादी फरशीचा पंजाएवढा तुकडा ठेवला आहे.

दसरा झाला की आमच्या शेगावचं ऊन बदलतं. पावसाळाभर भिंतीवर चढलेली ओल खाली उतरते. कोनाड्यात आपट्याची पानं वाळून कुरकुरीत होतात. मालगाडी थांबली की स्टेशनाकडून कपाशीच्या गाठींचा, तागाच्या गोण्यांचा आणि कोळशाचा वास एकत्र येतो. लोकांना तो सणाचा हंगाम वाटतो. मला या दिवसांत मागचं दार उघडायला सात वर्षं धीर लागत आला आहे.

माझे यजमान स्टेशनातल्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांचं नाव घ्यायची जिभेला सवय नाही, म्हणून इथेही ‘हे’ असंच लिहिते. दसऱ्याला लोक घरातली हत्यारं पुजतात. आमच्या पाटावर एक खुरपं, छाटणीची कात्री आणि दांडा वाकलेला पितळी चमचा असे. त्या चमच्याने हे गुलाबांना खत घालत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरीला जायच्या आधी, सातही डब्यांतल्या झाडांची छाटणी होई. मग खोडाभोवतीची माती उकरून मुळं उघडी करायची. चार दिवस ऊन खाऊ द्यायचं. पाचव्या दिवशी खत घालून झाकायचं. “चार दिवस उपास, मग जेवण,” हे म्हणत. “त्याशिवाय भूक लागत नाही.”

झाडांचं जेवण मोठं रीतसर असे. सगळ्यांत आधी जुनं, कुजलेलं शेणखत, हाताला मातीसारखं लागणारं. ते डोणगावहून येई. मग चुलीची राख, चाळून. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, तीन दिवस मडक्यात भिजत असे, आणि तिचं पाणी चहाइतकं पातळ करून नंतर आठवड्याला एकदा. तो आंबूस वास हातांना दोन दिवस पुरे. आणि चमचाभर हाडांचा चुरा.

हाडांवरून आमचं वाजे. मालधक्क्याच्या टोकाला गावोगावच्या मेलेल्या गुरांच्या हाडांचे ढीग पडलेले असत, मालगाडीच्या वाघिणीत भरून कुठेतरी लांब जाण्यासाठी. ह्यांनी शेतकी खात्याचं एक पत्रक वाचलं होतं, वर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ छापलेलं. त्याच्या जोडीला बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेलं. दोन्हींत हाडांचा महिमा होता. मग हे पिशवीतून दोनचार हाडं आणत, अंगणाच्या टोकाला गोवऱ्यांत भाजत, पांढरी ठिसूळ झाली की पोत्यावर ठेवून दगडाने कुटत. मी दारातूनच सांगे, अंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायचं नाही. त्या हाडांचं गाडगं पडवीच्या शेवटच्या खुंटीला टांगायचं, तोंडाला फडकं बांधून, माझ्या तुळशीपासून जितकं लांब होईल तितकं.

शेजारच्या गोदामावशी कुंपणावरून बघत. “काय बाई तुह्या नवऱ्याचं! लोक देवाले फुलं वाह्यतात, हा फुलाले हाडं वाह्यते!”

हे हसत. मला सांगत, झाड तोंडाने खात नाही, मुळांच्या टोकाला आंबट रस असतो, तो दगडसुद्धा विरघळवतो. मी विश्वास ठेवला नाही म्हणून एकदा त्यांनी घासून गुळगुळीत केलेला शहाबादी फरशीचा तुकडा डब्याच्या मातीत उभा पुरला. पुढच्या दसऱ्याला काढून धुतला. त्यावर बारीक पांढुरक्या रेघा होत्या, वेड्यावाकड्या, एकमेकींना फुटत गेलेल्या. मुळं जिथून जिथून गेली तिथे फरशी खाल्ली गेली होती. “वाच,” हे म्हणाले होते. मला तेव्हा नुकतं वाचायला येऊ लागलं होतं, आणि शिकवणारे हेच. मी त्या रेघांवर बोट फिरवून म्हटलं होतं, “मोडी दिसते.” तोच हा तुकडा.

शेणखत आणणारे दादा, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. डोणगावला त्यांची शेती. दरवर्षी दसरा झाला की ते मोटारीच्या टपावर एक पोतं टाकून येत, समाधीचं दर्शन घेत आणि परत जात. पोतं ओट्यावर आपटलं की भावाला पहिला टोमणा.

“आमच्या वावरात खत पुरत नाई, अन् हा डब्यातल्या काड्याईले जेवू घालून राह्यला.”

“काड्या नोहोत दादा. बाळतिनी हायेत ह्या. खुराक लागते त्याईले.” भावाशी बोलताना ह्यांची भाषा एका क्षणात डोणगावची होई.

“मंग डिंकाचे लाडू काऊन देत नाई बे त्याईले?”

मी दाराआड उभी राहून तोंडाला पदर लावून हसे. दादा माझे भासरे. भासऱ्यांसमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चहा मी दाराच्या आत ठेवायचा, हे बाहेर नेणार. लग्नानंतर अकरा वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी माझा आवाज ऐकला असेल तो ओव्या म्हणताना किंवा मांजर हाकताना. हे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्या न बोलण्यातून आलं.

त्या वर्षी ह्यांनी नेहमीसारखी मुळं उघडी केली. संध्याकाळी कचेरीतून आले ते अंग दुखतंय म्हणत. ताप चढला तो उतरलाच नाही. डॉक्टर येऊन गेले, भाजीवालीसुद्धा दारात थांबून विचारून गेली. पाचव्या दिवशी दुपारी ह्यांनी डोळे उघडले. खिडकीतून ऊन आलं होतं. त्या उन्हाकडे बघून विचारलं, “मुळं झाकली का?”

मी म्हटलं, “हो.”

“राख चाळून घातली?”

“घातली.”

मुळं तशीच उघडी होती. मी त्या पाच दिवसांत अंगणात गेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले.

दादा आले, त्यांनीच सगळं केलं. तिसऱ्या दिवशी स्मशानातून अस्थी आणल्या. अस्थी घरात आणत नाहीत. दादांनी कुंभाराकडून घेतलेल्या गाडग्यात त्या ठेवल्या, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि पडवीत खुंटीला टांगलं. त्या आधी गोदामावशी आत येऊन मला म्हणाल्या, “दादा म्हनतात, तुळशीची पानं पाह्यजेत. त्या गाडग्यात टाकाले.” मी कोपऱ्यात बसले होते. मावशींनी मला हाताला धरून उठवलं. मी माझ्या तुळशीची तीन पानं खुडून दिली.

आमच्या पेठेत कुंभार एकच. पडवीत आता दोन गाडगी होती, एकाच चाकावरची, एकाच मापाची, दोन्हींच्या तोंडाला जुन्या धोतराची फडकी. एकात भाजलेली गुरांची हाडं. एकात हे. पहिल्याबद्दल दादांना माहीत नव्हतं. दुसरं कुठल्या खुंटीला टांगलं, ते मला माहीत नव्हतं. पहाटेच्या गाडीने दादा नाशिकला निघाले, तेव्हा पडवीत अजून उजाडलं नव्हतं. त्यांना मला विचारता आलं नसतं, आणि मला सांगता आलं नसतं. एवढंच एक वाक्य होतं, डावीकडचं की उजवीकडचं.

परत आल्यावर त्यांनी गोदामावशींकडून निरोप आत पाठवला. “सांगा तिले, मोकळा झाला तो. रामकुंडात सोडल्याबरोबर विरलं सारं.” मी आत बसून ते ऐकलं. त्या दिवसांत मला आधार वाटलेली तेवढी एकच गोष्ट.

तेरावं झालं, माणसं आपापल्या गावी गेली. चौदाव्या दिवशी मी मागचं दार उघडलं. सातही डब्यांतली मुळं तशीच होती, करपून काळपट झालेली. मी ह्यांना ‘हो’ म्हटलं होतं. ते खोटं निदान आता तरी खरं करावं म्हणून मी पदर खोचला. दादांनी त्या वर्षी आणलेलं पोतं उघडलं. शेणखत घातलं. राख चाळली. मग पडवीत जाऊन गाडगं काढलं. एकच गाडगं होतं, ते काढलं.

पोत्यावर ओतलं तर तुकडे मोठे होते. मला वाटलं, ह्यांचं कुटायचं राहिलं. त्यांचा दगड अंगणाच्या टोकालाच पडला होता. मी बसले आणि कुटलं. ठक, ठक, ठक. लवकर फुटत होतं. मी चांगलं बारीक केलं, ह्यांना आवडे तसं, रव्यासारखं. पितळी चमच्याने सहा डब्यांत घातलं आणि माती लोटली. सातव्या डब्याशी आले तेव्हा गाडग्यात थोडं उरलं होतं. ते पालथं केलं, तळावर हात मारला. काही चिकटलं होतं. बोटाने सोडवलं तर तुळशीची पानं. तीन. आक्रसलेली, काळी पडलेली.

माझ्या तुळशीपासून ज्या गाडग्याला मी इतकी वर्षं लांब ठेवलं, त्यात तुळस येणं शक्य नव्हतं.

किती वेळ बसले ते सांगता येत नाही. कुंपणापलीकडे गोदामावशी कोंबड्या हाकत होत्या. मग उरलेलं होतं ते मी सातव्या डब्यात घातलं आणि झाकलं. दुसरं काय करणार होते? उठून विहिरीशी गेले. हाडांना हात लागला की अंघोळ करायची, हा माझाच नियम होता. त्या दिवशी अंघोळ करायची की नाही, मला ठरवता येईना.

त्या हिवाळ्यात गुलाब असे फुलले की रस्त्यावरची माणसं कुंपणाशी थांबत. एकेका डब्यावर आठ आठ, दहा दहा फुलं. मी एकही तोडलं नाही. देवाला वाहिलं नाही. ह्यांना देवाला कसं वाहायचं, आणि न वाहिलं तर कुठे ठेवायचं? फुलं झाडावरच गळत आणि पाकळ्या त्याच डब्यात पडत. पुढे मी परीक्षा देऊन मुलींच्या शाळेत शिकवू लागले. मुली विचारायच्या, “बाई, एक फूल द्या ना, वेणीत माळायले.” मी नाही म्हणायची. त्या आपसांत काय म्हणत असतील ते ठाऊक आहे, कारण गोदामावशी तर तोंडावरच म्हणत, “अशी मक्खीचूस बाई पाह्यली नाई. मातीले देईन, पन मानसाले देनार नाई.”

रात्रीची भीती मला कधी वाटली नाही. माझी भीती दिवसाढवळ्याची आहे. शेजारी कोणी दगडावर मीठ फोडू लागलं, खलात वेलदोडे कुटू लागलं, की मी वर्गात असले तर फळ्याकडे तोंड करते आणि घरी असले तर पुढच्या दारी जाऊन उभी राहते. त्या दिवशीचं माझं कुटणं मला दुसऱ्यांच्या घरांतून ऐकू येतं. आणि दादांचा निरोप. मोकळा झाला तो. नाशिकला भटजींनी ह्यांचं नाव आणि गोत्र घेऊन जे पाण्यात सोडलं, तो कुठल्यातरी गावचा बैल होता. हे मोकळे झालेच नव्हते, सात पत्र्याच्या डब्यांत होते. हे दादांना कसं सांगायचं? ते त्या एका निरोपावर जगत होते. मीही काही दिवस जगलेच होते.

त्यानंतर मी कधी मुळं उघडली नाहीत. खत घालायचं तर माती काढावी लागते, आणि माती काढली अन् काही वर आलं तर? पाणी तेवढं घालत राहिले. पत्र्याच्या डब्यातली माती ती किती, दोन-तीन वर्षांत झाड तिच्यातलं सगळं खाऊन टाकतं. ह्यांच्या पुस्तकात भुकेच्या खुणा दिल्या आहेत. खालची पानं पिवळी पडतात, मग शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, नवी फूट बारीक येते, कळी उघडण्याआधी मान टाकते. त्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. मी ते पान वाचायची आणि अंगणात जाऊन पाहायची. एकेक करून सहा झाडं वाळली. भुकेने वाळली, आणि पडवीत दादांच्या खताची पोती होती.

कारण दादा येतच राहिले. दरवर्षी दसऱ्यानंतर ओट्यावर पोतं आपटायचा आवाज येई. टोमणा मारायला कोणी नसे. ते तिथेच बसून पाणी पीत, मावशींकडून माझी खुशाली विचारत, आणि आत न येता जात. मी पोतं ओढत पडवीत नेऊन ठेवी, तोंड शिवलेलं तसंच.

या वर्षी दादा आले तेव्हा मला वाटलं, किती म्हातारे झाले. पोतं ओट्यावर टेकवून ते थांबले. शाळेला सुट्टी होती, मी घरातच होते. मावशी गावाला गेलेल्या. “बाईले ओढाले जड जाते हे,” असं स्वतःशीच म्हणत त्यांनी पोतं पाठीवर घेतलं आणि बाजूच्या बोळातून थेट मागे पडवीत नेलं. मी दाराच्या फटीतून पाहिलं. ते पोतं खाली ठेवून उभे होते. समोर सहा पोती, दाभणाने त्यांनी स्वतः शिवलेली, सुतळीसुद्धा तीच.

“मास्तरीनबाई,” ते दाराकडे न बघता म्हणाले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. “एकबी पोतं उघडलं नाई. काऊन? माह्या हातचं चालत नाई का?”

त्या आवाजात राग नव्हता. असता तर मी गप्प राहिले असते. मी दाराआडून सगळं सांगितलं. शाळेत धडा समजावून देते तसं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. तुळशीची पानं, कुटणं, सहा डबे आणि सातवा.

ते पोत्यावर बसले. शिवलेल्या सुतळीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “मंग म्या नाशकाले काय नेलं?”

“बैलाची हाडं. ह्यांनी भाजलेली.”

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता दादा काय बोलतील ते मला जन्मभर पुरेल.

“जिंदगीभर बैल राबवले म्या,” ते म्हणाले. “मेला की ढोरफोड्याले देला. एकाचंबी नाव घेऊन कधी पानी सोडलं नाई. चला, एखाद्याले तरी गंगा भेटली.” आणि पागोट्याच्या पदरात तोंड घालून ते रडले. मी भासऱ्यांना रडताना पाहू नये म्हणून खाली बघत राहिले.

“अन् तो?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. “तो अठीच हाय?”

मी दार उघडून बाहेर आले. डोक्यावर पदर होता, पण समोर आले. बोटाने शेवटचा डबा दाखवला.

ते उकिडवे बसून बघत राहिले. खोडावर चार पानं, तीही पिवळी. “याले तं काईच खायाले नाई भेटलं. पार काडी झाली.”

“दादा, मला भीती वाटते.”

“काहाची?”

“उकरलं आणि काही हाताला लागलं तर?”

“सरका,” ते म्हणाले. खुरपं मागितलं नाही. बोटांनीच माती काढू लागले, नुकत्या जन्मलेल्या वासराच्या तोंडावरची वार काढावी तशी, हळू. मी डोळे मिटून घेतले होते. माती पत्र्यावर घासल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“पाहा.”

त्यांच्या तळहातावर माती होती. त्यांनी ती अंगठ्याने चुरली, पसरली, पुन्हा चुरली. पांढरा एक कण नव्हता. मी पुढे होऊन डब्यात पाहिलं. मुळंच मुळं होती, बारीक, पिंगट, एकमेकांत विणलेली, पत्र्याला टेकून पुन्हा आत वळलेली. त्यांच्यात दुसरं काही नव्हतं.

“खाल्लं त्यानं सारं,” दादा म्हणाले. मग अगदी खालच्या आवाजात, माझ्यासाठी नसलेल्या, “उपाशी राह्यला इतके वर्ष. काऊन बे? भावाले सांगाचं नाई?”

किती दिवस उघडं ठेवायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, चार दिवस. ते डोणगावला परत गेले नाहीत. यात्रेकरूंच्या धर्मशाळेत उतरले आहेत. सकाळी येतात, डब्याशी बसतात, ऊन कलतं तसा डबा जरासा फिरवतात आणि जातात. काल चहा मी स्वतः बाहेर नेऊन दिला.

हे लिहिता लिहिता चौथा दिवस संपून पाचव्याची सकाळ झाली. खोडाच्या अगदी खालच्या डोळ्याशी एक लालसर ठिपका दिसतो आहे. तो कोंब आहे की उन्हाने पडलेला डाग, ते दादांनाही सांगता येत नाही.

पहिलं पोतं उघडलं. इतक्या वर्षांत आतलं शेणखत वाळून दगड झालं आहे, ढेकळंच्या ढेकळं. ती फोडल्याशिवाय मुळांवर घालता येणार नाहीत. ह्यांचा दगड अंगणाच्या टोकाला होता तिथेच होता, गवतात अर्धा बुडालेला. मी तो धुऊन घेतला, पोतं अंथरलं आणि बसले. पहिला घाव घालायला वेळ लागला. मग ठक, ठक, ठक. शेणखताला पावसाळ्यातल्या गोठ्याचा जुना वास होता.

दादा डब्याशी राख चाळत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “बारीक झालं का?”

“हाव,” मी म्हटलं. “होऊन राह्यलं.”